कमळाकरकाकांच्या कोटाची परीक्षा

रोह्याजवळ आमच्या वरशाला नवीन बिऱ्हाड आलं की आठवडाभरात त्याला दोन गोष्टी कळतात. नळाला पाणी किती वाजता येतं ही एक, आणि कमळाकर टेलर सांगितलेल्या तारखेला कपडा देत नाही ही दुसरी. यात काकांचा आळस नाही. कपडा तारखेच्या आधीच शिवून तयार असतो. पण ते तो हातातून सोडत नाहीत, कारण त्याची परीक्षा व्हायची असते.

शाळेचं दप्तर शिवलं तर त्यात दगड भरून दोन दिवस खुंटीला टांगायचं. धाटावच्या कंपन्यांतल्या कुणाचा बॉयलर सूट शिवला तर तो स्वतः घालून दुकानासमोर दहा उठाबशा काढायच्या, तेही एक पाय लहानपणीच पोलिओनं बारीक झालेला असताना. पावसाळी कोट असेल तर भरदुपारी सार्वजनिक नळाखाली स्टूल टाकून बसायचं. येणारेजाणारे हसतात. काका म्हणतात, "हसा. पानी आत गेलं तं तुमी हसनार नाय, रडनार." ब्लाऊज तेवढे परीक्षेवाचून मिळतात, आणि नेमक्या त्यांच्याच तक्रारी येतात, असं माझी आई सांगते.

काकांचं आमचं रक्ताचं नातं नाही. ते आणि माझे बाबा, हिरामण, एका गावचे. कासू स्टेशनवरून खाडीकडे चालत गेलं की आमचं गाव लागतं. गावातली सगळी माणसं मिठागरात कामाला. तिथं दोन्ही पाय धड लागतात, म्हणून कमळाकरकाका नागोठण्याला जाऊन शिवणकाम शिकले आणि पुढे वरशाला दुकान टाकून बसले. मिठागरं बंद पडली तेव्हा बाबांनाही रोह्याकडे यावं लागलं. कंपनीत कंत्राटी हेल्पर म्हणून काम मिळालं, आणि राहायला खोली काकांनीच शोधून दिली. मी तेव्हा चार वर्षांची होते. माझा पहिलीचा गणवेश काकांनी शिवला आणि तो घालून मला जिन्यावरून सात वेळा चढउतार करायला लावलं. त्यामुळे त्यांच्या परीक्षा माझ्या ओळखीच्या होत्या. एक दिवस माझं सगळं वर्षच त्यांच्या एका परीक्षेवर अडकेल, हे मात्र माहीत नव्हतं.

२०१३ साली मी मुंबईला वसतिगृहात राहून एम.एस्सी. करत होते, केमिस्ट्रीत. आमच्या विभागाचं फिनलंडमधल्या एका विद्यापीठाशी ठरलं होतं की तिथले दोन विद्यार्थी वर्षभर इथे येणार, इथले दोन तिथे जाणार. खर्च विद्यापीठांचा. त्या दोघांत माझं नाव लागलं. चंद्रावती हिरामण पाटील. फलकावर ते मी तीनदा वाचलं. मग विभागातल्या अनसूया मॅडमनी हातात एक फॉर्म दिला आणि म्हणाल्या, "यावर वडिलांची सही लागेल. वीस जुलैच्या आत आण, नाहीतर यादीतल्या पुढच्या मुलाला पाठवावं लागेल."

मी पेढे घेऊन घरी आले. बाबांनी पेढा खाल्ला, फॉर्म उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "थंडी किती असते तिथं?"

मी शहाणपणा केला. खोटं बोलायला हवं होतं, पण नको तिथे खरं बोलायची मला खोड आहे. म्हटलं, "जानेवारीत मायनस वीस."

बाबांनी फॉर्म खाली ठेवला. "कंपनीत ब्राईनची लाईन हाय. मिठाचं पानी, मायनस पंधरा. गेल्या साली एका पोराचा ओला हात पायपाला चिकटला, चामडी सोलून निघाली. आन तू मला मायनस वीस सांगतेस?"

"बाबा, मला तिथं पायपाला चिकटायचं नाय. शिकायचंय."

"शिक ना. हितं शीक."

दोन दिवस आमच्या घरात भांडी जरा जास्तच जोरात आपटली गेली. मी जेवले नाही, तर बाबाही जेवले नाहीत. "खाण तशी माती," आई म्हणाली आणि एकटीच जेवली.

बाबांचा हट्ट कुठून येतो ते मला ठाऊक होतं, आणि म्हणूनच मला त्याचा राग येत होता. त्यांना शांती नावाची धाकटी बहीण होती. ती नऊ वर्षांची असताना एका जुलै महिन्यात उधाणाचं पाणी चढलं आणि गावाचा बांध फुटला. अशा वेळी आमच्याकडे घरात कुणी थांबत नाही. लहानथोर सगळे चिखल टाकायला बांधावर जातात, नाहीतर खारं पाणी शेतात शिरून तीन वर्षं भात होत नाही. शांतीही गेली आणि दिवसभर भिजली. तिसऱ्या दिवशी तिची छाती भात्यासारखी वाजायला लागली. गावात गाडी येत नव्हती. बाबा तेव्हा चौदा वर्षांचे. त्यांनी तिला पाठीवर घेतलं आणि पाण्यातून पेणला नेलं. शेजारून लंगडत कमळाकरकाका चालत होते, तिच्यावर गोणपाटाची खोळ धरून. ती खोळ गळत होती. पेणच्या डॉक्टरांनी तिला तपासलं आणि बाबांच्या खांद्यावर हात ठेवला.

त्या दिवसापासून बाबांचं वैर थंडीशी आणि काकांचं पाण्याशी. मला लहानपणी पावसाळ्यात दमा लागायचा. रात्ररात्र बाबा माझ्या छातीला कान लावून बसायचे, असं आई सांगते. आता मी एकवीस वर्षांची घोडी झाले होते, आठ वर्षांत एकदाही दम लागला नव्हता, पण बाबांच्या कानातून तो आवाज जात नव्हता.

शेवटी आईनंच काकांना बोलावलं. काका आले, चहा प्यायले, फॉर्मकडे पाहिलंही नाही. म्हणाले, "हिऱ्या, थंडी म्हंजे काय रं? वारा आन पानी. दोन्ही भाईर ठेवले की झालं. कोट मी शिवतो."

"आन नाय टिकला तं?"

"तं सही नको करू."

"आदी बर्फात तासभर बसून दाखवायचं," बाबा म्हणाले. "मंग सही."

ठरलं. दोघांनी मला विचारलंसुद्धा नाही. अनसूया मॅडमनी माझे मार्क पाहिले, माझी मुलाखत घेतली, दोन विद्यापीठांनी होकार दिला, आणि माझं जाणं आता वरशाच्या एका टेलरच्या मशीनवर येऊन ठेपलं होतं.

काकांनी बाकीची कामं बाजूला सारली. बाहेरून बॉयलर सूटचं जाड निळं कापड, त्याच्या आत ताडपत्रीचं प्लास्टिक, मध्ये एका जुन्या गादीतला सावरीचा कापूस, आणि अंगाच्या बाजूला पुन्हा प्लास्टिक. शिवणीत पाणी शिरतं, म्हणून प्रत्येक शिवणीवर मेण चोळून वरून गरम इस्त्री. मी रोज संध्याकाळी दुकानात जाऊन बसायचे आणि कौतुकानं बघायचे. एम.एस्सी.ची विद्यार्थिनी मी! माणसाच्या अंगाला घाम येतो आणि त्याची वाफ कुठूनतरी बाहेर जावी लागते, हा विचार सातवीतल्या पोरीलाही सुचला असता. मला सुचला नाही. मीही खाडीकडचीच. थंडी म्हटलं की माझ्याही डोळ्यांसमोर ओला गारठाच येतो, आणि ओल्या गारठ्याला एकच उपाय असतो, पाणी आत येऊ न देणं.

कोट साडेतीन किलोचा झाला. नळाखालच्या परीक्षेत पहिल्या क्रमांकानं पास. मग काकांनी बर्फाची सोय केली. त्यांच्या बहिणीचा मुलगा शिवा पेणच्या पुढे, खाडीकडच्या एका बर्फाच्या कारखान्यात सुपरवायझर होता. मासेमारी बंदीचे दिवस होते, गिऱ्हाईक कमी, त्यामुळे लाद्या साठवायची खोली निवांत मिळणार होती. बाबांनी सुट्टी टाकली आणि चौदा जुलैला आम्ही तिघं रोह्याहून एसटीनं निघालो. वडखळच्या खड्ड्यांत कोटाचं गाठोडं माझ्या मांडीवरून दोनदा खाली पडलं.

कारखान्यात गेलो तर किल्ली सापडेना. शिवा शोधत फिरतोय, आणि काकांनी तोवर कोट सोडून माझ्यापुढे धरलेला. मी हात घालणार एवढ्यात बाबा म्हणाले, "तू नाय. मी बसतो."

"कोट माझ्या मापाचा आहे, बाबा."

"असूंदे. तुला मी त्या खोलीत पाठवनार नाय."

त्यांनी कोट चढवला. बाह्या कोपराच्या जरा खाली संपल्या, बटणं लागेनात, शेवटी काकांनी पोटावर सुतळी बांधली. पायात कंपनीचे गमबूट. बाहेर खाडीची मासळी विकणाऱ्या दोन बायका बर्फ घ्यायला आल्या होत्या. त्यांतली थोरली, धोंडुबाई, टोपली खाली ठेवून कमरेवर हात देऊन बघतच राहिली. "गो बाय, हा नवरदेव कनच्या गावाला चाललाय?"

"फिनलंडला," मी म्हटलं.

"कुठं आला तो? अलिबागच्या पलीकडं?"

सगळे हसले, बाबासुद्धा. किल्ली मिळायला पाव तास लागला आणि तेवढा वेळ बाबा जुलैच्या उकाड्यात तो कोट घालून उभे होते. मग लाकडी जाड दार उघडलं, पांढरी वाफ बाहेर आली, बाबा आत जाऊन एका लादीवर पोतं टाकून बसले आणि दार लागलं.

तासभर मी दारासमोरून हलले नाही. शिवा अधूनमधून लादी काढायला दार उघडायचा, तेव्हा बाबा दिसायचे. प्रत्येक वेळी ते हात वर करायचे. चौथ्यांदा हात वर जायला जरा उशीर झाला. मी आत पाऊल टाकलं तर ओरडले, "भाईर थांब! अजून टाइम हाय."

तास पुरा झाला. बाबा बाहेर आले, कपाळावरून हात फिरवला आणि म्हणाले, "उकडलं. घाम फुटला मला." मग माझ्याकडे न बघता, "कुठं हाय तुझा फॉर्म?"

शिवाच्या टेबलावर त्यांनी सही केली. ती इतकी वाकडी आली की मी हसले. म्हटलं, "बाबा, हे बघून ते विचारतील, पाटील लिहिलंय की पापड?" बाबाही हसले. काका मात्र हसले नाहीत. त्यांनी कोट घाईनं गुंडाळला, आणि मी तो घ्यायला गेले तर हातही लावू दिला नाही. "टाके ऱ्हायलेत," एवढंच बोलले. परतीच्या एसटीत मी पुढच्या बाकावर बसून फॉर्म छातीशी धरला होता. मागे दोघं हळू आवाजात बोलत होते. मला वाटलं, गावच्या गप्पा.

मग माझी खरी धावपळ सुरू झाली. पासपोर्ट, व्हिसा, विम्याचे कागद, दातांची तपासणी, मुंबईच्या तीन फेऱ्या. आईनं तीळकूट, पेणचे पोहे, कोकमं यांच्या पिशव्या बांधल्या, मी त्या वजनासाठी सोडल्या, तिनं पुन्हा बांधल्या. सगळं तयार झालं, पण कोट काही येईना. दुकानात जावं तर शटर अर्धं खाली. आतून कात्रीचा आवाज यायचा. "काका, कोट?" "टाके ऱ्हायलेत." गणपती तोंडावर आले, लोकांचे कपडे रखडले, गल्लीत काकांना शिव्या बसू लागल्या.

निघायच्या आदल्या संध्याकाळी माझा संयम संपला. अर्ध्या शटरखालून डोकं घालून मी म्हटलं, "काका, बर्फात पास झालेला कोट दीड महिना उसवत काय बसलात? तुमची ती परीक्षेची हौस आता पुरे झाली. जमत नसेल तर सांगा, मी विकतचा घेते."

आत बऱ्याच चिंध्या पसरल्या होत्या. काका जमिनीवर बसले होते. त्यांनी चष्मा वर केला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "सकाळी देतो, बाय."

सकाळी ते रोह्याच्या एसटी स्टँडवर आले. कोट हातावर टाकलेला. तो निळा नव्हता, काळा होता. मऊ, निम्म्या वजनाचा, आत प्लास्टिकचा मागमूस नाही, लोकरीचं अस्तर. मी घातला. माझ्या अंगाला तो असा बसला की जणू मी त्यातच वाढले. मी काय म्हटलं असेन? "बरं झालं, वजन कमी केलंत." एवढंच. गाडी सुटायची घाई होती. ते वाक्य आठवलं की आजही मला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

फिनलंडचं फार सांगत नाही. प्रयोगशाळा चांगली होती, माणसं कमी बोलायची, आणि जानेवारीत एका सकाळी बसथांब्यावरच्या पाटीवर उणे तेवीस आकडा होता. मी त्या थांब्यावर वीस मिनिटं उभी होते. नाक झोंबलं, पापण्यांवर बर्फ धरला, पण कोटाच्या आत मी वरशाच्या माझ्या अंथरुणात असावं तशी उबदार होते. माझ्यासोबत शिकणाऱ्या मुलीनं कापड चिमटीत धरून विचारलं, कुठल्या दुकानातला? दर रविवारी फोनवर बाबा एकच प्रश्न विचारायचे, "छाती वाजते काय?" मी सांगायचे, नाय. मग ते फोन आईकडे द्यायचे.

पुढच्या जूनअखेर मी परत आले आणि दुसऱ्याच दिवशी काकांच्या दुकानात गेले. त्यांच्यासाठी तिथली एक चांगली कात्री आणली होती. काकांनी कात्री बाजूला ठेवली आणि आधी कोट मागितला. उलटा केला, शिवणी तपासल्या, बगलेत बोट फिरवलं. "हितं झिजलाय."

"काका, उणे तेवीसमध्ये टिकला. मला खात्री होतीच. बर्फात पास झाला तेव्हाच."

काकांनी मान वर केली. "बर्फात? बर्फात नापास झाला तो."

"नापास? कसा?" मी विचारलं.

"तुझा बाप भाईर आला तवा आत बनियन पिळून निघंल एवढी ओली होती. किल्लीच्या नादात अर्धा घाम तं भाईरच आलेला. प्लास्टिकानं तो धरून ठेवला आन आत गेल्यावर त्याचाच बर्फ झाला. नखं निळी पडलेली. सही वाकडी आली म्हनून तू हसलीस ना? त्याला पेन धरवत नव्हतं." काकांनी कोटाची बाही सरळ केली. "एसटीत मला म्हनाला, कमळ्या, कोट पार फुकट गेला. पोरीला बोलू नको. सही मी केलीय. आता दीड महिना हाय तुज्या हातात."

मग त्यांनी पुढचं सांगितलं. पेणच्या बाजारात परदेशातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग लागतात, तिथून त्यांनी तीन थंडीचे कोट आणले आणि टाका न् टाका उसवून पाहिले. "त्या लोकांनी घामाला वाट ठेवलेली असते गो. आपन जन्मभर पान्याची वाट बंद करायला शिकलो. घामाला वाट ठेवायची, हे मला पंचावन्नाव्या वर्षी कळलं." ते बघून शिवलेला पहिला बिघडला, दुसरा बिघडला, तिसरा मी घालून गेले.

मला आदल्या संध्याकाळचं माझं बोलणं आठवलं. मी म्हटलं, "काका, मी तुम्हाला काय काय बोलले. आणि तुम्ही ऐकून घेतलंत."

"मंग? नापास कोट शिवनाऱ्यानं ऐकायचं नाय तं काय करायचं?" ते म्हणाले, आणि आता कुठे त्यांनी कात्री हातात घेऊन तिची धार बघितली.

मी त्यांच्या पाया पडले. सबंध जन्म त्यांनी माझे कपडे शिवले आणि त्यांच्या पाया मी पहिल्यांदाच पडत होते. माणूस शिकतो, परदेशी जातो, आणि आभार कुणाचे मानायचे हे त्याला इतक्या उशिरा कळतं.

घरी आले तर बाबा नुकतेच पहिली शिफ्ट करून आले होते, मोरीत हातपाय धूत होते. आईला विचारलं तेव्हा तिनं कबूल केलं की बर्फाच्या त्या दिवसानंतर ते तीन दिवस तापानं फणफणले होते. मला सांगितलं होतं, डबल शिफ्ट आहे, कंपनीतच झोपतो. खरं तर ते काकांच्या दुकानात मागच्या खोलीत पडून होते.

मी मोरीच्या दाराशी जाऊन उभी राहिले. "बाबा, कोट नापास झालेला. तुला माहीत होतं. मग तू सही का केलीस?"

बाबांनी तांब्या खाली ठेवला.

"पयल्या दहा मिनिटांतच कळलं, कोट काय कामाचा नाय. उठलो होतो मी. भाईर येनार आन बोलनार, बघा, मी सांगत होतो ना? तेवढ्यात शिवानं दार उघडलं, तं तू समोर. तोंड एवढंसं झालेलं." बाबांनी तांब्या बाजूला सारला. "परत बसलो. मनात म्हनलं, मी आता भाईर गेलो तं ही जन्मभर माज्या उशाला ऱ्हाईल. पन शांतीला काय मी त्यानं परत आनली असती?"

मी मोठ्यानं रडले. बाबांनी ओल्या हातानंच माझं डोकं छातीशी धरलं, आणि आईला हाक मारून चहा टाकायला सांगितलं.